फेबे कोणाला घाबरते?

१४ जानेवारी, मंगळवार

ही वही फुकट मिळाली आहे, आणि फुकट मिळालेल्या वस्तूवर माझा कधीच विश्वास बसलेला नाही. निळा पुठ्ठा, पहिल्या पानावर एक वचन आणि त्याखाली छापलेलं : ‘प्रभू तुम्हाला जे दाखवेल ते लिहा. हे कोणीही वाचणार नाही.’ कोणी वाचणारच नाही, तर द्यायची कशाला? मी लिहिणार, पण पुरावा म्हणून. पुढेमागे पाळकांसमोर ठेवायला काहीतरी हातात असावं.

झालं असं, की आमच्या चर्चच्या मंडळीनं राजधानीहून एक बाई आणली आहे. तीन महिन्यांसाठी. लाइफ कोच म्हणे, ख्रिस्ती लाइफ कोच. म्हणजे जगायची शिकवणी. पाळक ओबेद रविवारी व्यासपीठावरून म्हणाले, “बंधुभगिनींनो, आत्मिक वाढीलाही साधनं लागतात.” साधनं! माझ्या आईला एक पवित्र शास्त्र आणि दोन गुडघे एवढी साधनं पुरली, आणि ती थेट स्वर्गात गेली.

बाईचं नाव बेत्साबे लेमुस. बेत्साबे म्हणजे शास्त्रातली बथशेबा, जिनं आंघोळ करता करता दावीद राजाला पापात पाडलं. एवढ्या मोठ्या शास्त्रातून आईबापांनी नेमकं हेच नाव उचललं, यावरून घर कसलं असेल ते कळतं. चाळिशीची आहे. केस कापलेले. सारखी हसते.

स्त्रीमंडळाची अध्यक्ष मी, चौदा वर्षं. मंडळाचा मंगळवार त्या बाईला देऊन टाकला, आणि मला विचारलंसुद्धा नाही. आम्हा नऊजणींना तिनं एकेक वही आणि एकेक अभ्यासपुस्तक वाटलं. बारा धडे. पुस्तकाचं नाव ‘नांगरलेलं शेत’. रुफिना ताई माझ्या कानाशी लागली, “हिनं आयुष्यात कधी शेत पाहिलंय का हो?” रुफिनाचा एवढाच गुण. मनातलं बोलते, माझ्या मनातलं.

या नऊजणींखेरीज माझी मुलगी फेबेसुद्धा येते या शिकवणीला. तेहेतीस वर्षांची आहे, मंडळीच्या शाळेत मुलांना गाणं शिकवते, उपासनेला कीबोर्ड वाजवते. लग्न नाही. मिसाएल, तिचे वडील, पाच वर्षांपूर्वी प्रभूकडे गेले. तेव्हापासून घरात मी, ती आणि पावाची भट्टी. तिला असल्या शिकवणीची गरज काय? मी आहे की.

२१ जानेवारी, मंगळवार

आज बाईनं कागदावर एक ताट काढायला लावलं आणि त्याचे आठ वाटे करायला सांगितले. विश्वास, घर, शरीर, मैत्री, काम, क्षमा, आनंद, नम्रता. प्रत्येकाला दहापैकी गुण. स्वतःच स्वतःला.

सगळ्या बायका पेन चावत बसल्या. मी दोन मिनिटांत उरकलं. आठही ठिकाणी दहा.

बाई माझ्यामागे येऊन उभी राहिली. “ओर्फा ताई, नम्रतेतपण दहा?”

“मग? खोटं लिहू?”

कोणीतरी फिसकन हसलं. मी मान वळवली तर सगळ्यांची डोकी खाली.

आणखी एक लिहून ठेवते. ही बाई सल्ला देतच नाही. नुसते प्रश्न विचारते. “तुम्हाला काय वाटतं?” “मग काय झालं?” “त्या वेळी मनात काय आलं?” मी स्पष्ट म्हटलं, “असे प्रश्न पोलीसही विचारतात.” तर म्हणते, “आणि तुम्ही त्यांना काय उत्तर देता?” कुठेतरी पाणी मुरतंय. उत्तर ठाऊक असलेला माणूस उत्तर देतो. ज्याला दुसऱ्याचं काढून घ्यायचंय तोच प्रश्न विचारतो.

२३ जानेवारी, गुरुवार

फेबे त्या बाईला एकटीच भेटते! दर गुरुवारी, शाळा सुटल्यावर, प्रार्थनामंदिराच्या बाजूच्या खोलीत. मला काय सांगून गेली होती? “गायकांचा सराव आहे.” मला आठवडा उलटल्यावर कळतंय, तेही रुफिनाकडून.

समोर चेपाबाईचं भाजीचं दुकान आहे. मी तिथे उभी राहून टोमॅटो निवडले. एक तास वीस मिनिटं एका मुलीला एवढं काय बोलायचं असतं? चेपा म्हणाली, “ताई, टोमॅटो निवडताय का देवाला नैवेद्य दाखवताय?” शेवटी तीन किलो घ्यावे लागले.

फेबे बाहेर आली तेव्हा डोळे सुजलेले होते आणि चेहरा हसरा. रडून हसणारी मुलगी. माझ्या मनात पाल चुकचुकली. असं रडणं-हसणं एकाच कारणानं होतं. कोणीतरी पुरुष आहे यात.

घरी आल्यावर विचारलं, “कसा झाला सराव?”

“छान झाला, आई.”

किती सहज खोटं बोलली. कोणी शिकवलं तिला?

२७ जानेवारी, सोमवार

फेबेनं रेनकोट आणला. हिरवा, टोपीवाला, चांगला जाड. जानेवारीत! इथे आमच्या डोंगरावरच्या शेला गावात मे महिन्यापर्यंत पावसाचा थेंब नाही, थंडीनं ओठ फुटताहेत, आणि ही रेनकोट आणते.

“स्वस्तात मिळाला,” म्हणाली.

वर दुपारी तिचा फोन वाजला. ती न्हाणीत होती म्हणून मी उचलला. एक बाई बोलत होती, मागे धो धो पाऊस. “फेबे आहेत का? कोबानहून बोलतेय.” मी “कोण पाहिजे, काय काम” विचारलं तर म्हणते, “मी नंतर करते,” आणि ठेवलाच. नक्की त्याची बहीण असणार. पुरुष आधी बहिणीला पुढे करतात.

म्हणजे माणूस कोबानचा. तिकडे बारा महिने चिखल. मोटरसायकलवाला असेल, मागे बसायला रेनकोट.

आणखी एक गोष्ट, कधीपासूनची लिहायची राहिली आहे. फेबे घरात एकटी असली की गुणगुणते. मी दारात आले की थांबते. मन साफ असेल तर थांबायचं कारण काय?

३० जानेवारी, गुरुवार

आज मी तिचं अभ्यासपुस्तक उघडलं.

चोरी नाही ही. गादी उन्हात टाकायला उचलली, खाली पुस्तक होतं. प्रभूनं दाखवलं तर डोळे मिटून घ्यायचे का? वहीवर तर लिहिलंच आहे, प्रभू दाखवेल ते लिहा.

तिसरा धडा, भीती. प्रश्न छापलेले, खाली तिचं बारीक अक्षर. जसंच्या तसं उतरवून घेते.

‘कोणासमोर तुमच्या तोंडून खरं निघत नाही?’ इथे तिनं काहीतरी लिहून इतकं खोडलंय की कागद फाटलाय.

‘त्या वेळी शरीराला काय होतं?’ — ‘पोटात गोळा येतो. पावलांचा आवाज ओळखू येतो. आधी श्वास धरते, मग चेहरा नीट करते.’

‘त्या व्यक्तीला काय सांगायचं आहे?’ — ‘मला जाऊ द्या. मी तुमची वैरीण नाही.’

‘हे वाक्य आरशासमोर पुन्हा पुन्हा म्हणा.’ — यापुढे बरोबरच्या खुणा. अकरा.

माझ्या पोरीला कोणीतरी धाक घालतंय. तिला धरून ठेवलंय, आणि ती हात जोडते आहे. कोण आहे हा राक्षस? सापडू दे. भट्टीतलं लांब फावडं घेऊन जाईन.

१ फेब्रुवारी, शनिवार

बाईकडे गेले. एक टोपली शेका पाव घेऊन, आमच्या भट्टीतले गोड, बडीशेप जास्त घातलेले. गोडीनं घ्यावं म्हटलं.

“माझी मुलगी कोणाला घाबरते?” मी विचारलं.

हसणं थांबलं तिचं. पहिल्यांदाच.

“ओर्फा ताई, हे सांगणं माझ्या हातात नाही. तुम्ही फेबेला विचारा.”

“रोज विचारते की!”

“कसं विचारता?”

“कसं म्हणजे? तोंडानं! कुठे होतीस, कोणाशी बोलत होतीस, फोन कोणाचा, उशीर का झाला. सगळं विचारते.”

“आणि मग ती काय करते?”

“गप्प बसते. म्हणून तर तुमच्याकडे आले.”

बाईनं टोपली उचलून टेबलावर ठेवली. मग म्हणाली, “तुमचा सहावा धडा वाचून झाला का?”

घ्या! मुलगी संकटात, आणि हिला धड्याची पडली आहे. पाव मात्र ठेवून घेतले.

बाई त्या माणसाला पाठीशी घालते आहे एवढं नक्की. घरी येताना एकेक पुरुष मनात घोळवला. शाळेचे मुख्याध्यापक म्हातारे. पाळकांचा भाचा परदेशात. राहिला अब्नेर, जो उपासनेत ड्रम वाजवतो. वायरमन आहे, त्याच्याकडे मोटरसायकल आहे, कोबानला कोणी नात्यातलं असेलच, आणि फेबेच्या मागेच बसतो. दर रविवारी तिच्या पाठीवर ढमढम.

४ फेब्रुवारी, मंगळवार

आज फेबे शाळेत अडकली होती, तेवढ्यात मंडळात प्रार्थनेची विनंती ठेवली. कोणाचं नाव घेतलं नाही, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. एवढंच म्हटलं, “बहिणींनो, एक मुलगी आहे, माझ्या फार जवळची. कोणी माणूस तिला धाक घालतोय. सोडत नाही. तिच्यासाठी गुडघे टेका.” प्रार्थनेसाठी सांगितलेलं म्हणजे चहाडी नव्हे. चहाडी माणसांना सांगतात, हे देवाला सांगायचं असतं. बायका फक्त ऐकायला असतात.

रुफिनानं लगेच डोळे मिटले आणि मोठ्यानं सुरुवात केली. “प्रभू येशू, आमच्या फेबेला त्या माणसाच्या तावडीतून सोडव! ज्या हातांनी तो तुझ्या मंदिरात ड्रम वाजवतो, ते हात बांध!”

मी ड्रम हा शब्द उच्चारलाच नव्हता. मनात होता तेवढा. आता याला प्रभूचं दर्शन म्हणायचं नाहीतर काय? माझा संशय खरा ठरला.

बेत्साबे बाई आज हसली नाही. प्रार्थना संपल्यावर म्हणाली, “ओर्फा ताई, त्या मुलीनं तुम्हाला ही विनंती ठेवायला सांगितली होती?” मी म्हटलं, “आईला सांगावं लागत नाही.”

९ फेब्रुवारी, रविवार

गेले पाच दिवस वही हातात धरवली नाही.

उपासनेला गेले तर माझ्याकडे बघून दोघीतिघींनी आवंढे गिळले. एका म्हाताऱ्या बहिणीनं माझा हात हातात घेऊन विचारलं, “लोकर कुठल्या रंगाची आणू?” मी म्हटलं, “कसली लोकर?” तर म्हणते, “असू दे, पिवळीच आणते, मुलगा-मुलगी दोघांनाही चालते.”

मंगळवारी मी गुडघे टेकले आणि रविवारपर्यंत माझी मुलगी गरोदर! आठ बायका, प्रत्येकीच्या घरी नवरा, सासू, शेजार. प्रत्येकीनं फक्त ‘प्रार्थनेसाठी’ सांगितलं.

उपासना संपल्यावर चर्चचा कारभार बघणाऱ्या वडील मंडळींनी निरोप दिला. मंगळवारी फेबे आणि अब्नेर, दोघांनी समितीपुढे यायचं.

फेबे वाटेत एकच वाक्य बोलली. “आई, तुम्ही काय सांगितलंत त्यांना?”

“मी प्रार्थना मागितली.”

ती पुढे निघून गेली. चालता चालता पोटावर हात दाबून धरला होता. क्षणभर माझ्याही मनात लोकरीचा विचार आला, देवा, क्षमा कर.

११ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं उतरवून काढते, विसरायला नको.

खोलीत चार वडील, पाळक आणि आम्ही. अब्नेर आधी बोलला. बिचारा रडलाच. म्हणाला, माझं शेजारच्या साल्काहाला लग्न ठरलंय, फेबे ताईंशी मी तालाशिवाय काहीही बोललेलो नाही. सासऱ्यांच्या कानावर गेलंय, त्यांनी फोन उचलणं बंद केलंय.

मग फेबेला विचारलं. ती म्हणाली, “अब्नेर बंधूंचा काही संबंध नाही. कोणाही पुरुषाचा नाही.”

मी कशी गप्प बसणार? माझ्याकडे वहीतलं उतरवलेलं पान होतं. वाचून दाखवला. पोटातला गोळा, मला जाऊ द्या, सगळं. वाचताना तिचा चेहरा पांढराफटक पडत गेला.

पाळक म्हणाले, “फेबे, हे तू लिहिलंस?”

“हो.”

“मग ती व्यक्ती कोण? नाव सांग, मुली. नाव सांगितलंस तर विषय इथेच संपेल.”

तिनं माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मान हलवून धीर दिला, सांग, घाबरू नकोस, मी आहे इथे.

ती म्हणाली, “नाव सांगणार नाही.”

तीनदा विचारलं. तीनदा तेच. वडिलांनी न सांगणं म्हणजे कबुली धरली. तीन महिने शिस्त. शेवटचं बाक, प्रभुभोजन नाही, कीबोर्ड नाही. अब्नेरला समज देऊन सोडलं, पण ड्रमवर बसायचं नाही.

आणि मग पाळकांनी बाहेर येऊन मला सांगितलं. फेबेनं पंधरा दिवसांपूर्वी बदलीचं पत्र मागितलं होतं, दुसऱ्या मंडळीत जायला लागतं ते. कोबानच्या एका मिशन शाळेत संगीत शिकवायची जागा मिळाली आहे तिला. पण मूळ मंडळीचं पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पोचलं नाही, तर जागा दुसऱ्याला जाणार. शिस्तीखाली असलेल्याला पत्र देता येत नाही.

बदलीचं पत्र! आईला न सांगता! म्हणजे पळून जायचा बेत पक्का होता. नोकरीच्या बहाण्यानं हा राक्षस तिला कोबानला ओढून नेणार होता. वेळीच अडवलं म्हणायचं. पण मग मला आनंद का होत नाही? तिनं कोणासाठी एवढं सोसलं? कोण आहे तो, ज्याचं नाव वाचवायला माझ्या मुलीनं आपली अब्रू दिली?

१६ फेब्रुवारी, रविवार

फेबे शेवटच्या बाकावर. दारालगत, जिथे उशिरा येणारे आणि रडकी पोरं असतात. मी माझ्या जागी, पहिल्या रांगेत. कीबोर्ड झाकलेला. गाणी तशीच म्हटली, रुफिना सुरू करायची, तिच्या मागे सगळे कुठल्या कुठे.

मी एकदाच मागे पाहिलं. फेबे ओठ हलवत नव्हती.

घरी येऊन तिनं माझ्यासाठी कॉफी केली. साखर बरोबर. एक अक्षर बोलली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं, ओरडण्याला मला उत्तर देता येतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सहावा धडा. फेबे घरीच राहिली, मलाही आज नको होतं जायला. पण नाही गेले तर लोक म्हणतील लपून बसली.

बाईनं जोड्या लावल्या. समोरासमोर खुर्च्या. म्हणाली, “समोरच्या बहिणीला, जे कधी म्हणता आलं नाही असं एक खरं वाक्य म्हणा. ऐकणारीनं उत्तर द्यायचं नाही. फक्त ‘ऐकलं’ म्हणायचं.”

माझ्यासमोर रुफिना आली. मी मनात म्हटलं, हिला काय सांगायचं राहिलंय? हिच्या तोंडाला तर झाकणच नाही.

रुफिना स्कर्टच्या चुण्या नीट करत बसली. मग खाली बघून म्हणाली, “ओर्फा ताई, मला तुमची भीती वाटते.”

मी हसले. “तुला? चौदा वर्षं माझ्या कानाशी बसतेस तू!”

“म्हणूनच बसते. तुमच्या बाजूला बसलं की तुमच्या समोर यावं लागत नाही.” आणि रडायला लागली. “तुम्ही रागावू नये म्हणून तुमच्या मनात काय आहे ते मी आधी ओळखते आणि बोलते. त्या दिवशीसुद्धा. तुम्ही अब्नेरकडे बघत होतात ना हल्ली, म्हणून मी ड्रम म्हटलं. मला तरी काय माहीत होतं त्याचं?”

मी आजूबाजूला पाहिलं. म्हटलं कोणीतरी हसेल, म्हणेल, काय गं रुफिना, काहीतरीच. कोणी हसलं नाही. सगळ्याजणी माझ्याकडे बघत होत्या. अशा चेहऱ्यानं, की रुफिनाचं वाक्य सगळ्यांचंच होतं.

बाई हळूच म्हणाली, “ओर्फा ताई, फक्त ‘ऐकलं’ म्हणायचंय.”

मी पिशवी उचलून निघाले.

घरी पोचले. आतून फेबेचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मी दाराच्या कडीला हात घातला. कडी वाजली. गुणगुणणं थांबलं.

मी कडी सोडली आणि तशीच उभी राहिले. थोड्या वेळानं पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा हळू. मी पुन्हा कडी हलवली. पुन्हा थांबलं. खात्री करावी म्हणून तिसऱ्यांदा हलवली, मला प्रत्येक गोष्टीची खात्री लागते. तिसऱ्यांदा थांबलं ते पुन्हा सुरू झालंच नाही. आत ती श्वास धरून बसली असेल. चेहरा नीट करत असेल.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. ती व्यक्ती मी आहे.

आणि तिनं नाव सांगितलं नाही. चार वडिलांसमोर, मी स्वतः तिचा कागद वाचून दाखवल्यावरही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

भट्टीतले दोन ट्रे पाव करपले. चाळीस वर्षांत पहिल्यांदा.

पाळकांकडे गेले. दारात उभ्या उभ्याच सांगितलं, “तिला ज्याची भीती वाटते तो माणूस सापडला.”

ते म्हणाले, “बसा, ताई.” कोण म्हणून विचारलं नाही. त्यांना माहीत होतं की काय? किती दिवस? सगळ्या गावाला माहीत होतं का? असो. आता हे खणत बसायचं नाही.

“तिची शिस्त काढा आणि पत्र द्या,” मी म्हटलं.

“वडिलांना कारण लागेल. आणि गोष्ट अख्ख्या मंडळीत पसरली आहे. जिथे पसरली तिथेच गोळा करावी लागेल. रविवारी उभं राहून साक्ष द्याल?”

चौदा वर्षं मी दुसऱ्यांना साक्षीला उभं केलंय. “नाव न घेता चालेल?” मी विचारलं.

“तुम्ही तेव्हाही नाव घेतलं नव्हतं, ताई,” पाळक म्हणाले.

२३ फेब्रुवारी, रविवार

उभी राहिले.

सुरुवात चांगली जमवून आणली होती. “बंधुभगिनींनो, काही जणांच्या मनात एका गोष्टीवरून गैरसमज झाला आहे.” पाळक खोकले. मी त्यांच्याकडे पाहिलं, ते खाली बघत होते. मग पाठ केलेलं सगळं सोडून दिलं.

म्हटलं, “गैरसमज झालेला नाही. मी केला आहे. माझ्या मुलीनं लिहिलेला कागद मी चोरून वाचला. त्यात ती कोणाला तरी घाबरते असं होतं. मी पुरुष शोधला. अब्नेरला धरलं, कारण तो जवळ सापडला. प्रार्थनेच्या नावाखाली आठ घरांत विष पाठवलं. ती मला घाबरते. आणि मला लाज वाटू नये म्हणून तिनं तोंड उघडलं नाही. फेबे निर्दोष आहे. अब्नेर निर्दोष आहे. शिस्त लावायची तर मला लावा.”

कोणी ‘आमेन’ म्हटलं नाही. एक मूल तेवढं रडत होतं, फेबेच्या बाकावरचं.

शेवटच्या बाकाकडे बघायचं धैर्य झालं नाही.

वडिलांनी आत जाऊन पाच मिनिटांत निर्णय दिला. फेबेची शिस्त रद्द, पत्र आजच टाइप होईल. मला तीन महिने, अध्यक्षपदही गेलं. रुफिना मला मिठी मारायला आली आणि अर्ध्यावर थांबली. मी म्हटलं, “ऐकलं, बाई, त्या दिवशीचं.” मग मारली तिनं मिठी.

अब्नेर बाहेर भेटला. मी क्षमा मागितली. तो म्हणाला, “ताई, हे माझ्या सासऱ्यांना येऊन सांगाल?” बुधवारी साल्काहाला जायचं ठरलं आहे. अनोळखी माणसाच्या ओट्यावर बसून मी कशी आहे ते सांगायचं. जाईन.

फेबे घरापर्यंत माझ्यासोबत चालली. दोन पावलं मागे. माफ केलं असं म्हणेल म्हणून मी कोपऱ्याकोपऱ्यावर थांबत होते. ती म्हणाली नाही.

बेत्साबे बाईनं लांबून मान हलवली. ती अजूनही मला आवडत नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आज दुपारी मी कणीक मळत होते. फेबे स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. बसली नाही. हात मागे, पाय जुळवलेले, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी. घसा खाकरला.

“आई, मला तुमच्याशी बोलायचंय. मी कोबानला जाणार आहे. मला तिथे संगीत शिकवायची नोकरी मिळाली आहे. पत्र आलंय. मी परवानगी मागत नाहीये, सांगते आहे. मी तुमच्यावर रागावून जात नाही. मला जायचंय म्हणून जाते.”

एकही शब्द गळला नाही. किती दिवस आरशासमोर उभी राहिली असेल.

माझ्या तोंडात काय काय आलं ते इथे लिहिते, कारण तिथे बोलले नाही. तिकडे तुझं कोण आहे? आजारी पडलीस तर? त्या बथशेबेनंच शिकवलं ना हे? आईला या वयात एकटं टाकून? तुझे वडील असते तर? आणि नोकरी खरी आहे, की त्याच्या मागे कोणी आहे? हे शेवटचं तर अगदी ओठांवर आलं होतं. दात दाबून धरले. हात कणकेत होते म्हणून बरं.

फेबे वाट बघत होती. खांदे आवळून, मार यायचा असल्यासारखी.

मी विचारलं, “बस किती वाजता आहे?”

बाकी सगळ्याची उत्तरं तिनं पाठ करून आणली होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. एकेका टोमण्याचं, एकेका अश्रूचं. याचंच उत्तर तयार नव्हतं.

“काय?” म्हणाली.

“बस. कोबानची. किती वाजता सुटते?”

“सकाळी सहा,” ती म्हणाली. “शनिवारी.” मग खुर्ची ओढून बसली आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडायला लागली. मी कणीक मळत राहिले. का रडतेस म्हणून विचारलं नाही.